चित्राखालची ओळ कोणाची?

चित्रकाराला दोन कामे असतात. एक म्हणजे चित्र काढणे. दुसरे म्हणजे ते कोणी काढले, केव्हा काढले, कशाचे आहे, त्याचे नाव काय, हे लिहून ठेवणे. पहिल्या कामाला आपण कला म्हणतो आणि दुसऱ्याला कारकुनी समजून सोडून देतो. माझे म्हणणे असे की गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडच्या चित्रकारांचे जे नुकसान झाले, त्यातले बरेचसे या दुसऱ्या कामात झाले. ब्रश त्यांच्या हातात होता, पण चित्राखालची ओळ दुसऱ्याच्या हातात गेली.

हा विषय निघायला कारण घडले. माझा एक जुना विद्यार्थी आता पूर्णवेळ चित्रे काढतो. नोकरी नाही, पाठीशी कुठली गॅलरी नाही. त्याने स्वतःची वेबसाइट करायचे ठरवले तेव्हा घरच्यांनी विचारले, फोनवर फुकटात चित्र टाकता येते, मग दरवर्षी पैसे कशाला भरायचे? हा प्रश्न तो माझ्याकडे घेऊन आला. मी कलाशिक्षक नाही. इथे नावड्याजवळ उर्दू आणि मराठी शिकवतो. पण प्रश्न ओळीचा असेल तर भाषेच्या शिक्षकाला त्यावर बोलता येते. त्याला जे तोंडी सांगितले ते इथे इतिहासासह मांडतो.

मळवलीचा छापखाना

नावड्याहून पनवेलला जावे, पुढे बोरघाट चढून लोणावळा ओलांडावा, की मळवली स्टेशन येते. कार्ला आणि भाजे लेणी पाहायला लोक तिथे उतरतात. याच मळवलीत राजा रविवर्मा यांचा छापखाना होता, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

रविवर्मा (१८४८-१९०६) त्रावणकोरचे. राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी यांची तैलचित्रे काढून त्यांनी नाव मिळवले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक प्रसंगांची चित्रे करून घेतली. ती बडोद्याच्या राजवाड्यात जाण्यापूर्वी मुंबईत लोकांना पाहायला ठेवली गेली. एकदा राजवाड्यात गेलेले चित्र पुन्हा सामान्य माणसाच्या नजरेला पडणे कठीण होते. दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना पूर्वीच सुचवले होते की चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढून घ्याव्यात, म्हणजे ती घरोघरी पोचतील. रविवर्म्यांनी त्याच्याही पुढची उडी मारली. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना सुरू केला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन.

ही छपाई सोपी नव्हती. मूळ तैलचित्रातला प्रत्येक रंग वेगळा काढून त्यासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे. दगडावर चिकट शाईने चित्र उतरवायचे, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई लावायची. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, या एका तत्त्वावर सगळे काम चाले. एकच कागद एकामागून एक अनेक दगडांवरून जाई, आणि एका दगडावर तो केसभर जरी सरकला तरी देवीचे ओठ गालावर जात. शेवटी वार्निश देऊन कागदाला तैलचित्राची चमक आणत. अशी लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घराघरांत गेली. कोणी त्या छापील चित्रांवर जरीचे काठ आणि खरे कापड चिकटवून देवीला साडी नेसवली.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला. पुढे १८९९ मध्ये छापखाना मळवलीला गेला. पण धंद्याचा हिशेब जमला नाही. कर्ज वाढले. चित्रकाराने ब्रश धरावा की कामगारांचे पगार, कागदाचा साठा आणि वसुली पाहावी, हा पेच सुटला नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशर यांनी, विकत घेतला. यंत्रांबरोबर अनेक चित्रे छापण्याचा हक्कही गेला. त्यानंतर हीच चित्रे कॅलेंडरांवर आणि मालाच्या जाहिरातींत दिसू लागली. चित्र रविवर्म्यांचे आणि खालची ओळ साबणाची, असे होऊ लागले.

या सगळ्या धडपडीचे तपशील आज आपल्याला माहीत आहेत, ते कशामुळे? रविवर्म्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा स्वतः उत्तम चित्रकार होते आणि ते रोजनिशी लिहीत. कुठे मुक्काम केला, कोणाचे चित्र सुरू आहे, कोण गिऱ्हाईक आले, धंद्याची काळजी कशी आहे, हे त्यांनी १८९५ पासून जवळजवळ अखेरपर्यंत टिपून ठेवले. ती रोजनिशी पुढे छापली गेली. छापखाना गेला, हक्क गेले, पण भावाच्या हातची ओळ राहिली. अभ्यासकाला रविवर्मा दिवसा काय करत हे कळते ते त्या ओळींमुळे.

नाव नसलेले हात

रविवर्म्यांची चित्रे तरी त्यांच्या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या सिनेमाने जो चित्रकार जन्माला घातला त्याला तेवढेही मिळाले नाही. तीस-चाळीसच्या दशकांत ग्रँट रोड परिसरातल्या थिएटरांवर हाताने रंगवलेले प्रचंड फलक लागत. कामाची पद्धत ठरलेली होती. नटनटीच्या लहान फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी रंगीत दोरी ताणून मोठ्या कापडावर पाडायच्या आणि एकेका चौकटीतला भाग मोठा करत जायचे. जवळ उभे राहिले तर फक्त रंगाचे पट्टे दिसतात. चेहरा रस्त्यापलीकडून दिसतो. त्यामुळे रंगवणाऱ्याला जवळून काढताना दुरून पाहायची सवय लावून घ्यावी लागे. सिनेमा उतरला की फलक उतरे. त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा चेहरा काढत. खाली नाव लागे ते नटाचे आणि कंपनीचे.

या कामावर एक तरुण होता, मकबूल फिदा हुसेन. जन्म १७ सप्टेंबर १९१५, पंढरपूर. आई झैनब तो अगदी लहान असताना गेली. वडिलांबरोबर इंदूरला वाढला. बडोद्याच्या मदरशात काही काळ राहून त्याने खुशनवीसी, म्हणजे सुलेखन, शिकून घेतले. मुंबईत आला तो रिकाम्या हाताने. फलक रंगवले, मग एका फर्निचरच्या दुकानासाठी लहान मुलांची खेळणी आणि खाटा यांचे नमुने केले. पुढे हुसेन यांची ओळख बनलेली लांब, न तुटणारी रेघ कुठून आली असे कोणी विचारले तर मी या दोन शाळांकडे बोट दाखवीन. बोरूने अलिफ काढताना हात मध्ये थांबला तर अक्षर मरते. वीस फुटी फलकावर रेघ खांद्यातून काढावी लागते, बोटांतून नाही. मदरशातला अलिफ आणि ग्रँट रोडचा फलक, दोन्ही त्यांच्या हातात बसले होते.

पण त्या काळातल्या त्यांच्या फलकांपैकी आज काय उरले? जवळजवळ काही नाही. हुसेन मोठे झाले म्हणून आपण त्या फलकांची गोष्ट सांगतो. त्यांच्या शेजारी शिडीवर उभे असलेले बाकीचे कारागीर कोण होते? त्यांत आपले मुसलमान कारागीर बरेच होते. त्यांची नावे कुठल्या वहीत नाहीत.

दलालांचा अंक आणि सहा जणांची पुस्तिका

याच मुंबईत एका चित्रकाराने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) मूळचे गोव्याचे, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. मुखपृष्ठे आणि कथाचित्रे करणारे ते एकटेच नव्हते. पण प्रकाशकाच्या दारात काम मागत राहण्याऐवजी त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. आता कथा कोणती घ्यायची, चित्र कुठल्या पानावर, किती मोठे, कोणत्या रंगात, हे ठरवायला वरचा मालक राहिला नाही. चित्रांच्या कोपऱ्यातली ‘दलाल’ ही सही मराठी घरांत लेखकाच्या नावाइतकी ओळखीची झाली.

कथाचित्राची प्रक्रिया मुलांना शिकवण्यासारखी आहे. आधी कथा पूर्ण वाचायची. मग असा क्षण निवडायचा की जो दाखवल्याने कथा फुटणार नाही, पण वाचक पान उलटेल. मग पात्राचा पोशाख, वय, गाव, घरातली भांडी या सगळ्यांची खात्री करायची. माझ्या वर्गात धडा संपला की मी कधीकधी विचारतो, या धड्याला एकच चित्र काढायचे तर कोणत्या ओळीवर काढाल? मुले धडा पुन्हा वाचतात. चित्रकाराला असे वाचन रोज करावे लागते.

१९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मध्य प्रांतातून आलेले सय्यद हैदर रझा, घरकाम करत चित्रे काढणारे कृष्णाजी हौळाजी आरा, हरि अंबादास गाडे, शिल्पकार सदानंद बाकरे आणि हुसेन, असे सहा जण. सूझा ख्रिस्ती, रझा आणि हुसेन मुसलमान, बाकीचे हिंदू. फाळणीच्या वर्षी हे सहा जण एका भिंतीवर चित्रे लावायचे ठरवतात, हीच मोठी गोष्ट होती. १९४९ च्या त्यांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत सूझा यांनी गटाची भूमिका स्वतः लिहिली. समीक्षकाने आपल्याला काय म्हणावे याची वाट त्यांनी पाहिली नाही. पैसा, जागा, गिऱ्हाईक यांपैकी त्यांच्याकडे फारसे काही नव्हते, पण आपल्या चित्राखालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली. गट काही वर्षांत पांगला. ती पुस्तिका मात्र अभ्यासकांना अजून लागते.

हुसेन यांच्या वाटचालीत १९४८ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी सूझांबरोबर दिल्लीला जाऊन त्यांनी भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन पाहिले. मथुरेची शिल्पे आणि बसोली शैलीतली लघुचित्रे पाहून ते परतले. शिल्पातली उभी, वळलेली स्त्री आणि बसोलीचे धीट सपाट रंग त्यांच्या कामात आले. १९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये त्यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटाला बर्लिनचा सुवर्ण अस्वल मिळाला. सही ते कधी उर्दूत, कधी नागरीत, कधी रोमनमध्ये करत. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला हे सहज जमले.

नाव न दिलेले चित्र

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हुसेन यांच्यावरच्या खटल्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी घसा ताणून. त्यातला एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ८ मे २००८ रोजी त्यांच्यावरचे खटले रद्द केले. त्या निकालपत्रात चित्राची हकिकत नोंदली आहे. स्त्रीच्या रूपात देश दाखवणारे ते चित्र हुसेन यांनी काढले, पण त्याला नाव दिले नाही. २००४ मध्ये ते एका खासगी संग्राहकाला विकले गेले. त्यानंतर हुसेन यांचा त्याच्याशी व्यवहार राहिला नाही. २००६ मध्ये काश्मीरच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी इंटरनेटवर लिलाव झाला. त्यात ते चित्र ‘भारतमाता’ या नावाने आले. लिलावाशी आपला संबंध नव्हता, असे हुसेन यांचे म्हणणे होते.

म्हणजे नव्वदीच्या माणसाविरुद्ध गावोगावच्या न्यायालयांत ज्या नावावरून तक्रारी उभ्या राहिल्या, ते नाव त्याने लिहिलेलेच नव्हते. चित्र त्याचे, ओळ दुसऱ्याची, आणि तीही संगणकाच्या पडद्यावर. त्याआधी १९९६ मध्ये असेच झाले होते. त्यांची सत्तरच्या दशकातली जुनी रेखाटने एका हिंदी मासिकाने भडक मथळ्याखाली छापली. वीसेक वर्षे ज्यांच्यावरून कोणी ओरडले नव्हते, ती नव्या मथळ्याखाली पेटली.

मी असे म्हणत नाही की त्या चित्राखाली हुसेन यांनी स्वतः चार ओळी लिहिल्या असत्या तर सगळे शांत झाले असते. काहींना त्या आकृतीचाच राग होता. तो राग खोटा होता असे ठरवण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना राजकारण करायचे होते त्यांनी ते केलेच असते. आणि आपणही बाजूला उभे राहून नुसते बोट दाखवू नये. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ या चित्रपटातल्या कव्वालीच्या शब्दांवर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि चित्रपट थिएटरांतून काढून घेण्यात आला. तेव्हा आपल्यापैकी कितींनी ती कव्वाली पूर्ण ऐकून मत बनवले होते? दोन्ही वेळा लोक चित्रावर किंवा गाण्यावर भांडले नाहीत, त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीवर भांडले.

हुसेन २००६ मध्ये देशाबाहेर गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला तरी परतले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पंढरपूरच्या माणसाला मातीही तिकडचीच मिळाली.

दुसऱ्याच्या जागेतले दुकान

या पार्श्वभूमीवर वेबसाइटचा प्रश्न पाहा. फोनवरच्या फुकट जागा वाईट नाहीत. लोक तिथेच असतात, म्हणून चित्रकाराने तिथे जावेच. पण ती दुसऱ्याच्या जागेतली पथारी आहे. जागेचा मालक उद्या चित्र खाली ढकलेल, खाते बंद करील किंवा बाजारच उठवील. माझ्या पिढीला ऑर्कुट आठवत असेल. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले आणि आपल्या कितीतरी ओळी तिथेच राहिल्या. स्वतःच्या वेबसाइटचे नाव दरवर्षी भाडे भरून आपल्याकडे ठेवता येते. उद्या एका कंपनीकडची जागा सोडून दुसरीकडे गेलो तरी पाटी तीच राहते. नागरी लिपीत ‘.भारत’ असा पत्ता घेण्याची सोय २०१४ पासून आहे.

तिथे काय ठेवायचे? शिक्षकांना मी शाळेचे उदाहरण देतो. मूल शाळेत येते त्या दिवशी जनरल रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते. क्रमांक, नाव, जन्मतारीख, जन्मगाव. पुढे दाखला, नोकरी, पासपोर्ट, सगळे त्या एका ओळीवर उभे राहते. चित्राचेही तसेच करावे. चित्र पुरे झाले की त्याला क्रमांक द्यावा. नाव, वर्ष, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कागद की कॅनव्हास, जलरंग की तैलरंग, आणि चित्र सध्या कोणाकडे आहे ते. नाव द्यायचे नसेल तर ‘शीर्षक दिलेले नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. हेही नावच आहे. हुसेन यांच्या प्रकरणाने एवढे तरी शिकवले.

फोटोसाठी महाग कॅमेरा लागत नाही. काच काढून घ्यावी, चित्र सावलीत उजेडाकडे तोंड करून उभे करावे, फ्लॅश बंद ठेवावा, फोन चित्राला अगदी समांतर धरावा. शेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्यावा, म्हणजे रंग नंतर त्या पांढऱ्याशी जुळवता येतो. मोठी फाइल घरी दोन ठिकाणी जपावी आणि वेबसाइटवर लहान ठेवावी.

त्यानंतर खरे काम, म्हणजे लिहिणे. चित्र कुठून सुचले, पहिले रेखाटन कसे होते, काय खोडले, कोणता रंग तीन वेळा बदलला, हे पाच-सात ओळींत सांगावे. यात बढाई नको आणि जड शब्द नकोत. शोध घेणारी यंत्रे अजूनही मुख्यतः शब्दांवरूनच पान शोधतात, म्हणून ज्याने शब्द लिहिले त्याचे चित्र सापडते. चित्राचे साधे वर्णनही द्यावे. न दिसणाऱ्या माणसाचा फोन ते वाचून दाखवतो, आणि चित्र त्याच्यापर्यंतही पोचते.

कायद्याची बाजू चित्रकारांना सहसा कोणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकला, असे होत नाही. तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि लिहिताना मुदत टाकली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. मात्र कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतले, तर वेगळे ठरलेले नसल्यास पहिला हक्क सांगणाऱ्याचा होतो. म्हणून ऑर्डर घेतानाच एक कागद करावा. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. आणि हक्क विकल्यावरही हे चित्र माझे आहे असे म्हणण्याचा, ते विद्रूप करून आपली बदनामी करणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो. रविवर्म्यांच्या काळी असे संरक्षण नव्हते.

याची किंमतही आहे, ती लपवून चालणार नाही. रविवर्म्यांना छापखाना झेपला नाही तसे अनेकांना हेही झेपत नाही. पहिल्या महिन्यात उत्साहाने वीस चित्रे चढतात, मग वर्षभर पान तसेच पडून राहते आणि एक दिवस भाडे भरायचे विसरून नावच जाते. म्हणून ब्रशचा वेळ कारकुनीला देऊ नये. आठवड्यातला एक तास ठरवावा, जुम्म्याची दुपार म्हणा किंवा रविवारची सकाळ, आणि तेवढ्यात जे होईल तेच करावे. घरातल्या कोणाला लिहिता येत असेल तर राजराजवर्म्यांचे काम त्याला द्यावे.

आपल्या वस्तीची नोंद

नावडे, तळोजा, पनवेल हा पट्टा झपाट्याने बदलतो आहे. एकीकडे तळोजा एमआयडीसी, दुसरीकडे सिडकोच्या इमारती, मध्ये जुनी गावे आणि दिवा-पनवेल लोहमार्ग. इथल्या ट्रकांच्या मागच्या बाजूची कमळे आणि मोर, दुकानांच्या पाट्या, मशिदीच्या कमानीवरची अक्षरे, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे कोणीतरी हाताने काढलेले होते. फ्लेक्स आला आणि त्यातले बहुतेक पाच-दहा वर्षांत गेले. या भागातले एक वृद्ध पेंटर चाचा आहेत. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींत सारख्याच सफाईने पाट्या रंगवत. त्यांना मी विचारले, चाचा, जुन्या पाट्यांचे फोटो आहेत का? ते म्हणाले, “फोटो काढायला आम्ही काय लग्नाचे नवरदेव होतो?” मी हसलो नाही. चाळीस वर्षांचे काम होते आणि दाखवायला एक कागद नव्हता.

आपल्या समाजात एक प्रश्न नेहमी येतो, चित्रकला जायज आहे का? त्यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे चालावे. पण खुशनवीसी, वेलबुट्टी, इमारतींची आणि निसर्गाची चित्रे यांवर फारसे दुमत नाही, तरी त्यांचीही नोंद आपण ठेवलेली नाही. उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातावर वर्षानुवर्षे निघाली. संगणकावर नस्तालिक आली आणि कातिब घरी बसले. त्यांच्या अक्षरांचे नमुने जपणारी वही किती घरांत आहे? पुढे उर्दू मजकूर इंटरनेटवर गेला तोही बरीच वर्षे चित्राच्या रूपात, म्हणून शोधायला गेले तर सापडत नाही.

आमच्याकडची मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसतात. चांगल्या श्रेणी आणतात, त्यात मुली पुष्कळ असतात. दहावीत त्या श्रेणीचे वाढीव गुण मिळाले की पालकांच्या लेखी चित्रकलेचे काम संपते आणि कागद रद्दीत जातात. मी पालकसभेत सांगतो, गुण मिळाले, आता चित्रही ठेवा. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने मुलाचे नाव, इयत्ता, तारीख आणि चित्रात काय आहे ते लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण त्याच्याच हाताने लिहू द्या. आपल्या मुलाबद्दलची ओळ दुसऱ्याने लिहावी आणि आपण नंतर खुलासे करत बसावे, असे आपल्याबाबतीत फार वेळा झाले आहे. पेन्सिल स्वस्तात येते. घरात असलेल्या जुन्या चित्रांपासून या आठवड्यातच सुरुवात करा.